काठोकाठ भरलेलं माप : २१४७४८३६४७

आमच्या भागातल्या वाचनालयाने सभासदांची जाडजूड वही संगणकावर चढवली, आणि वर्गणी थकलेल्यांना फोन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. यादी छापून घेतली. पहिल्या सभासदाचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७. दुसऱ्याचा २१४७४८३६४७. तिसऱ्याचाही तोच. शेवटच्या पानापर्यंत नावं बदलत होती, नंबर बदलत नव्हता. ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “अहो, कुणाचा तरी नंबर सगळ्यांना चिकटलाय. लावून तरी बघा.” लावला. लागला नाही.

मग वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती चर्चा रंगली. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं खोडसाळपणा. एक निवृत्त गणित शिक्षक आकड्याकडे बघत म्हणाले, “ही मूळ संख्या आहे बरं का. संगणकवाल्यांनी उगीच नाही निवडलेली.” त्या संध्याकाळी झालेली बहुतेक विधानं चुकीची होती. सरांचं अर्धं बरोबर होतं, आणि घोटाळा नेमका त्या अर्ध्या बरोबरमुळेच होतो. तेव्हा दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस या आकड्याबद्दल जे जे बोललं जातं, ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : हा कुणाचा तरी फोन नंबर आहे, नाहीतर व्हायरसची करामत.

वस्तुस्थिती : हा आकडा म्हणजे एका मापाचा काठ आहे. संगणक पूर्णांक साठवतो तो ठरावीक खान्यांत, आणि प्रत्येक खान्यात ० किंवा १ एवढंच मावतं. बराच काळ रूढ असलेलं माप ३२ खान्यांचं. त्यातला एक खाना धन की ऋण हे सांगण्यात जातो. उरले ३१. त्या सगळ्यांत १ भरला की माप काठोकाठ भरतं.

छोट्या मापावर बघा. तीन खाने असतील आणि तिन्हींत १ असेल तर किंमत ४ + २ + १, म्हणजे ७. चौथा खाना असता तर ८ मावले असते, त्याहून एक कमी. तसंच एकतीस एक्क्यांची किंमत २ च्या ३१ व्या घाताहून एक कमी, म्हणजे २१४७४८३६४७.

आता आपल्याकडचे मोबाइल नंबर आठवा. दहा अंकी, आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. त्यातला लहानात लहानसुद्धा सहा अब्जांच्या घरात. म्हणजे या मापात एकही भारतीय मोबाइल नंबर मावत नाही. काही डेटाबेस अशा वेळी तक्रार करतात. काही जण मात्र धान्य मोजणाऱ्यासारखं करतात : मापावर सपाट हात फिरवायचा, वरचं सांडून द्यायचं, काठापर्यंत उरेल ते खरं. आमच्या यादीवर असा हात फिरला होता. अमेरिकेत गंमत आणखी वाढते. तिथे दहा अंकांतले पहिले तीन भागाचे असतात आणि २१४ हा डॅलसचा क्रमांक आहे, त्यामुळे तिकडच्या यादीत हा छाटलेला आकडा अगदी खऱ्या नंबराच्या थाटात बसून राहतो.

गैरसमज २ : ही मूळ संख्या आहे, म्हणूनच संगणकवाल्यांनी ती निवडली.

वस्तुस्थिती : मूळ संख्या आहे हे खरं. ‘म्हणूनच’ हा शब्द मात्र खोटा. खाने दुपटीने वाढत गेले : ८, १६, ३२, ६४. चिन्हाचा एक खाना वजा केला की उरतात ७, १५, ३१, ६३. यातल्या १५ आणि ६३ ला ३ ने भाग जातो, आणि तेवढ्याने त्या मापांच्या काठांचं भवितव्य ठरतं.

पंधरा एक्के ओळीने लिहा आणि तीन-तीनचे गट पाडा. पाच गट पडतील. प्रत्येक गट १११, म्हणजे आपल्या भाषेत ७, आणि पुढच्या स्थानावरचा गट म्हणजे ७ गुणिले ८, ७ गुणिले ६४ असं. तेव्हा अख्ख्या संख्येला ७ ने भाग जाणारच. पंधरा एक्क्यांची किंमत ३२७६७, आणि ३२७६७ = ७ × ४६८१. त्रेसष्ट एक्क्यांचे तसेच एकवीस गट पडतात. म्हणून आजच्या ६४ खान्यांच्या मापाचा काठ, ९२२३३७२०३६८५४७७५८०७, हाही मूळ नाही. एकतीस एक्क्यांचे मात्र सारखे गट पाडताच येत नाहीत, कारण ३१ हीच मूळ संख्या आहे. ३२ खाने अभियंत्यांनी सोयीसाठी घेतले. त्यातून हाती आलेला काठ मूळ निघाला, हा योगायोग.

गैरसमज ३ : एक्क्यांची संख्या मूळ असली की तयार होणारी संख्याही मूळच.

वस्तुस्थिती : सुरुवातीला तसं वाटतं खरं. दोन एक्के ३, तीन एक्के ७, पाच एक्के ३१, सात एक्के १२७. सगळ्या मूळ. पुढे अकरा एक्के मांडले की २०४७ येतात, आणि २०४७ = २३ × ८९. नियम तिथेच मोडला. गट पडत नाहीत म्हणजे एक धोका टळला, इतकंच. बाकीचे धोके शिल्लक राहतात.

अशा संख्यांना मर्सेन यांचं नाव आहे. मारँ मर्सेन हे फ्रान्समधले ख्रिस्ती धर्मगुरू. २५७ पर्यंतच्या कोणकोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते, याची यादी त्यांनी १६४४ मध्ये जाहीर केली. त्यात ३१ होता. पण ६७ आणि २५७ सुद्धा होते, जे नको होते; आणि ६१, ८९, १०७ नव्हते, जे हवे होते. ३१ बद्दल ते बरोबर ठरले, पण पुरावा कुणाच्या हाती नव्हता.

६७ ची गोष्ट तर ऐकण्यासारखी. ती संख्या मूळ नाही हे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव सापडले नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, अशी आख्यायिका आहे.

गैरसमज ४ : एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ठरवायला कोट्यवधी भागाकार करावे लागले असतील.

वस्तुस्थिती : चारशेसुद्धा नाहीत. या आकड्याचा खरा मासला इथे आहे, म्हणून जरा थांबू.

काळ १७७२ चा. लिओनहार्ड ऑयलर पासष्टीचे, सेंट पीटर्सबर्गमध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली. ही संख्या मूळ असल्याचं त्यांनी गणिती बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात कळवलं. भागाकाराचा डोंगर त्यांनी तीन पायऱ्यांत उतरवला.

पहिली पायरी शाळेतली. संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे. वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे. म्हणजे त्यापलीकडे बघायचं कारण नाही. तरी तिथपर्यंत जवळपास ४८०० मूळ संख्या आहेत.

दुसरी पायरी हुशारीची. समजा एखाद्या मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातो. मग १ पासून सुरुवात करून दुप्पट करत जायचं आणि दर वेळी त्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. ३१ पावलांत बाकी पुन्हा १ होते, म्हणजे फेरी पूर्ण होते. ३१ मूळ असल्यामुळे त्याहून लहान फेरी शक्यच नाही. आणि फर्माच्या प्रमेयाप्रमाणे अशी फेरी विभाजकाहून एक कमी असलेल्या संख्येत पूर्ण वेळा बसावी लागते. म्हणून विभाजक ३१ च्या पटीहून एक जास्त असला पाहिजे. तो विषमही हवा, म्हणजे ६२ च्या पटीहून एक जास्त. एका फटक्यात बहुतेक उमेदवार बाद.

तिसरी पायरी : २ चा ३१ वा घात बाकी १ देतो, तर ३२ वा घात बाकी २ देणार. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. ज्या मूळ विभाजकासाठी २ हा असा वर्गाची बाकी म्हणून येतो, त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी जोडल्या की शिल्लक राहतात फक्त दोन रांगा : २४८ च्या पटीहून १ जास्त, आणि २४८ च्या पटीहून ६३ जास्त.

आता वहीवर मांडून बघा. ६३ : मूळ नाही. २४९ : ३ × ८३, बाद. ३११ : मूळ आहे, भागून बघायला हवं. ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. गेला. ४९७ : ७ × ७१. ५५९ : १३ × ४३. ७४५ च्या शेवटी ५. ८०७ ला ३ ने भाग जातो, ९९३ लाही. १०५५ च्या शेवटी पुन्हा ५. १२४१ : १७ × ७३. मग १३०३ : मूळ. भागा, बाकी २२६. गेला. तेराशेपर्यंत येऊन आपले खरे भागाकार झाले फक्त दोन. ४६३४० पर्यंत दोन्ही रांगांत मिळून ३७३ संख्या आहेत, आणि त्यातल्या मूळ शंभराच्या आत. एकानेही भाग जात नाही. सिद्धता संपली.

बाद करायला ठोस कारण असेल तर प्रत्येक दार ठोठावावं लागत नाही. संख्येच्या आकाराला घाबरण्यापेक्षा तिची घडण बघावी, हा ऑयलर यांचा धडा.

गैरसमज ५ : याच्या पुढे कुणी जाणार नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज चहाच्या टपरीवरचा नाही, गणितावरच्या पुस्तकातला आहे. पीटर बार्लो हे इंग्लंडमधले नावाजलेले गणिती. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती. जसे ६ किंवा २८. युक्लिडच्या काळापासून माहीत आहे की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या मिळते. आपल्या आकड्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की मिळते आठवी परिपूर्ण संख्या, २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लो यांनी १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, तेव्हा पुढे शोधायचे कष्ट कोण घेणार.

कष्ट घेणारे निघाले. ल्युका यांनी १८७६ मध्येच १२७ एक्क्यांची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं. १८८३ मध्ये रशियातल्या पेर्वुशिन यांनी मर्सेन यांच्या यादीतून निसटलेला ६१ पकडून दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या १३६२७९८४१ एक्क्यांची आहे आणि आपल्या पद्धतीने लिहिली तर तिला ४१०२४३२० अंक लागतात. बार्लो यांचं गणित चुकलं नव्हतं. चुकला तो माणसांबद्दलचा अंदाज.

गैरसमज ६ : मर्सेन मूळ संख्येइतके एक्के मांडले की पुन्हा मूळ संख्याच मिळणार.

वस्तुस्थिती : हा मोह समजण्यासारखा आहे. पाच एक्क्यांचे ३१ झाले, एकतीस एक्क्यांचा आपला आकडा झाला, दोन्ही मूळ. मग २१४७४८३६४७ एक्के मांडले तर? ती संख्या सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकी होते. आणि तिला भाग जातो २९५२५७५२६६२६०३१ ने, म्हणजे जेमतेम पंधरा अंकी संख्येने. विभाजकाचा नमुना ऑयलर यांनी वापरला तोच : आपल्या आकड्याची दुप्पट, गुणिले ६८७४५, अधिक १. कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार कुणालाही पडताळता येईल. भाग जातो हे तपासायला ६४ कोटी अंक लिहावे लागत नाहीत; दुप्पट-वर्ग, दुप्पट-वर्ग करत आणि बाकी ठेवत एकतीस टप्प्यांत काम होतं, कारण घातांकात एकतीसच एक्के आहेत.

गैरसमज ७ : २०३८ मध्ये या आकड्यामुळे जगातले सगळे संगणक बंद पडणार.

वस्तुस्थिती : भीतीच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. युनिक्स घराण्यातले संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, अशी. हे सेकंद ३२ खान्यांच्या मापात ठेवले असतील तर माप काठोकाठ भरतं मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा खाना पालटतो आणि तारीख, ग्रीनिचच्या वेळेनुसार, थेट १३ डिसेंबर १९०१ दाखवली जाते.

पण ‘सगळे संगणक’ हे खरं नाही. आजचे फोन आणि संगणक बहुतांश ६४ खाने वापरतात, आणि त्या मापात सेकंदांना सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरेल इतकी जागा आहे. ३२ खान्यांच्या यंत्रांसाठीही लिनक्सच्या गाभ्यात २०२० साली दुरुस्ती आली. धोका आहे तो भिंतीत, लिफ्टमध्ये, कारखान्यात बसवून विसरलेल्या जुन्या यंत्रांना आणि कुणी हात न लावलेल्या जुन्या प्रोग्रॅम्सना. शिवाय वाट २०३८ पर्यंत बघावी लागते असंही नाही. २०१८ मध्ये वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्याचा शेवटचा हप्ता त्या काठापाशीच येतो. तारखा पुढच्या लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ही अडचण तेव्हाच गाठू शकते.

याच जातीची एक अफवा म्हणजे ‘गंगनम स्टाइल’ने यूट्यूबचा काउंटर मोडला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्या गाण्याने हा आकडा ओलांडला खरा, पण यूट्यूबने माप आधीच मोठं करून ठेवलं होतं.

गैरसमज ८ : अशाच मूळ संख्यांवर बँकेची कुलपं चालतात.

वस्तुस्थिती : जात तीच, वजन फार वेगळं. बँकेच्या व्यवहारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आरएसए कुलपात प्रत्येकी तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो. दहा अंकी संख्येचे अवयव साधा फोनही डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. तिच्यावर कुलूप लावणं म्हणजे दाराला सुतळी बांधणं.

तिचा खरा उपयोग दुसरीकडे झाला. संगणकाला चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकडे हवे असतात. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये त्यासाठी शिफारस केलेली एक रीत अशी : हातातल्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. पुढे १ पुन्हा येण्याआधी मधला प्रत्येक आकडा, एकूण २१४७४८३६४६, बरोब्बर एकदा येऊन जातो. भाजक मूळ असल्याशिवाय अशी पूर्ण फेरी जमत नाही. इथे मात्र सरांचं ‘म्हणूनच’ लागू पडतं : मूळही हवी आणि मापातही मावायला हवी, दोन्ही अटी याच आकड्याने पुऱ्या केल्या. बार्लो यांना निरुपयोगी वाटलेली संख्या कामाला लागली होती.

आमच्या वाचनालयाची दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. खरं काम जुन्या वहीतून नंबर पुन्हा भरण्याचं होतं, कारण मापावरून सांडलेलं परत मिळत नाही. नंबर भरायला बसलेल्या मुलीला मी म्हटलं, “आता ६४ खान्यांचं माप घे, म्हणजे झालं.” ती म्हणाली, “काका, ६४ कशाला? मोबाइल नंबर ही संख्याच नाही. दोन सभासदांच्या नंबरांची बेरीज करणार आहात का कधी?” आणि तिने त्या रकान्यात सरळ अक्षरं ठेवायची सोय केली. आठ गैरसमज निस्तरून बसलेल्या माणसाचा नववा असा निघाला.

यादीची नवी प्रत आली तेव्हा सरांनी जुनी मागून घेतली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर ते २४८ च्या रांगा मांडत होते. १३०३ पर्यंत पोचले होते.